चाकांची सून

लग्नाआधी माझ्याकडे दोन गोष्टी होत्या, ज्या आमच्या नात्यातल्या दुसऱ्या कुठल्याही मुलीकडे नव्हत्या. एक म्हणजे मोटार चालवायचं लायसन्स आणि दुसरी म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बसलेला राग. लग्न जमवताना आईने लायसन्सचं कौतुक दहादा सांगितलं. रागाचं एकदाही सांगितलं नाही.

लायसन्स मी निव्वळ हौसेपोटी काढलं होतं. ऑफिसातल्या आम्ही तिघींनी पार्ल्यातल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. दोघी पहिल्याच आठवड्यात गळल्या, मी चिवटपणे टिकले. शिकवणारे मास्तर म्हणायचे, "बाई, ब्रेक ही पायरी नाही, त्यावर उभं राहायचं नसतं." तरी लायसन्स मिळालं. पण चालवणार काय? आमच्या घरात सायकलसुद्धा नव्हती. त्यामुळे मुलुंडचं स्थळ आलं आणि त्यांच्या घरी गाडी आहे असं कळलं, तेव्हा मुलगा बघायच्या आधीच माझा अर्धा होकार झालेला होता. हे मी नवऱ्याला आजही चिडवायला सांगते, आणि तो म्हणतो, उरलेला अर्धा अजून यायचाय.

गाडी सासऱ्यांची. त्यांना आम्ही सगळेच बाबा म्हणायचो. बाबा गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. तिरप्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि हे समोर उभे राहून कुठे धागा तुटलाय, कुठे डाग आहे, कुठे वीण सैल पडलीय ते हेरायचे. तीस-बत्तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाची नजर कशी होणार! घरात आल्यावर सुद्धा ते पाहुण्यांच्या चेहऱ्याआधी त्यांच्या शर्टाकडे बघायचे. गिरणीच्या आवारात मॅनेजरची एक निळी गाडी उभी असायची. ती ते रोज येता-जाता बघायचे. निवृत्तीच्या सुमाराला मॅनेजरने ती विकायला काढली आणि बाबांनी कुणालाही न विचारता फंडाच्या पैशातून घेऊन टाकली. सासूबाईंना त्या पैशात गॅलरीला जाळी लावून घ्यायची होती. गाडीचा विषय निघाला की त्या उघड्या गॅलरीकडे बोट दाखवायच्या, बोलायच्या काही नाहीत.

बाबा गाडी चालवायला शिकले ते साठीला टेकल्यावर. ते चालवायचे म्हणजे काय, तर मुलुंडहून भांडुपपर्यंत जायचे आणि तिथून वळून यायचे. भांडुपच्या पलीकडे त्यांच्या लेखी परदेश होता. ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून, पुढे वाकून चालवायचे आणि मागून सायकलवाले घंटी वाजवायचे. माझ्या नवऱ्याला त्यांनी एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता. त्यानंतर बापलेक तीन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते आणि तो अभ्यासक्रम कायमचा बंद पडला.

पण धुणं! गाडी धुवावी ती बाबांनीच. आमच्या इमारतीत पाणी सकाळी दोन तास यायचं, तेही वरच्या मजल्यांना चढेल न चढेल. अशा दिवसांत गाडीला तीन बादल्या पाणी मिळायचं आणि त्या तीन बादल्यांत बाबा तिला अशी न्हाऊ घालायचे की बाळंतिणीला सुद्धा हेवा वाटावा. धुण्याची पावडर त्यांना अजिबात चालायची नाही. त्याने रंग मरतो, म्हणायचे. आदल्या दिवशी रिठे भिजत घालायचे, सकाळी कुस्करून गाळून त्याचा फेस करायचे. सासूबाई त्या रिठ्यांवर आपली पैठणी धुवायच्या, बाबा गाडी. कापूस, रेशीम आणि रंग यांना सारखंच जपायचं असतं असं त्यांचं म्हणणं.

आधी नुसतं पाणी सोडायचं, म्हणजे धूळ स्वतःहून खाली येते. कोरड्या धुळीवर फडकं फिरवलं की धूळच कानशीचं काम करते. मग वरून खाली यायचं, टप, काचा, बॉनेट, दरवाजे. सावलीत धुवायचं. साबण अंगावर वाळू द्यायचा नाही, भागाभागाने धुऊन लगेच पाणी घालायचं. पुसायला जुन्या धोतराचं फडकं, तेही ओलं करून घट्ट पिळलेलं. कोरडं फडकं ओरबाडतं आणि ओलं, पिळलेलं फडकं पाणी ओढून घेतं, हे त्यांनी मला दाखवलं तेव्हा मला खरंच पटलं. चाकांची बादली वेगळी, चाकांचं फडकं वेगळं. त्या फडक्याच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याची खूण केलेली असायची, म्हणजे चुकूनही चाकाची वाळू रंगाला लागू नये. महिन्यातून एकदा चपट्या डब्यातलं मेणासारखं पॉलिश. आणि हे सगळं आटोपलं की सासूबाईंनी जुन्या चादरी जोडून शिवलेला अभ्रा गाडीवर चढायचा, कारण वर बदामाचं झाड होतं आणि झाडावर कावळे होते. कावळ्यांशी बाबांचं वैर होतं. कावळ्याची घाण उन्हात तासभर राहिली की रंग खाते, म्हणून ते खिशात एक ओला रुमाल घेऊनच खाली उतरायचे.

एवढं सगळं करून गाडी महिन्यातून दोनदा भांडुपला जायची.

माझं लग्न वैशाखात झालं आणि श्रावण लागला तरी माझ्या आईने माझं घर पाहिलेलं नव्हतं. आई पार्ल्याला माझ्या भावाकडे राहायची. तिचे गुडघे गेलेले. पार्ल्याहून मुलुंडला यायचं तर दोन बस बदलायच्या, पायऱ्या उंच, उभं राहायची तयारी ठेवायची. टॅक्सीने ये म्हटलं तर म्हणायची, "एवढ्या लांब टॅक्सीने यायला मी आजारी आहे का?" दर पत्रात ती विचारायची, तुझ्या स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला आहे? गॅलरीत तुळस लावलीस का? पत्रात खिडकीची दिशा लिहिताना मला रडू यायचं. घरातून गॅलरीत आलं की खाली ती निळी गाडी दिसायची, धुतलेली, झाकलेली, कुठेच न जाणारी.

श्रावणातल्या एका रविवारी मी धीर केला. बाबा चहा पीत होते.

"बाबा, दसऱ्याला मी गाडी पार्ल्याला नेऊ? आईला घेऊन येते. लायसन्स आहे माझ्याकडे."

नवऱ्याने पेपर डोळ्यांसमोर आणखी वर धरला. सासूबाई दारात थांबल्या. बाबांनी कप खाली ठेवला.

"गाडी ज्याला धुता येते, त्याला ती चालवता येते," ते म्हणाले. "तिच्या अंगावरून हात फिरला पाहिजे, म्हणजे ती केवढी आहे, कुठे संपते ते कळतं. आधी धुवायला शीक. पुरती धुता आली, की चावी तुझी."

"शब्द?"

"शब्द."

मी त्याच दिवशी पदर खोचून खाली उतरले.

त्या पहिल्या रविवारी मी जीव तोडून काम केलं. बाबा सांगत गेले, मी करत गेले. बॉनेट मोठं, मध्यापर्यंत हात पोचेना, म्हणून मी पुढे झुकून कोपरापर्यंत हात टेकवून गोल गोल घासलं. दोन्ही हातांत लग्नातला हिरवा चुडा अजून भरलेला होता, डझनावारी काचेच्या बांगड्या, त्यांच्या मागेपुढे पाटल्या. त्या किणकिणत होत्या. वरून नवरा म्हणाला, "झकास! गाडीला बँडबाजा पण आहे." मीही हसले. मला तेव्हा फार छान वाटत होतं.

सगळं पुसून झाल्यावर बाबा बॉनेटपाशी आले. खाली वाकले, गाल जवळजवळ पत्र्याला लावला आणि एक डोळा मिटून, पत्र्याच्या पातळीवरून पलीकडे बघितलं. कापड असंच बघायचं असतं, समोरून नाही, तिरकं. ते बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ झाले, फडकं झटकलं.

"पुढच्या रविवारपासून तू चाकं कर," म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

बाकीचं तुम्ही, चाकं मी! मला वाटलं, असेल एखादा रविवार. दुसऱ्या रविवारी चाकं. तिसऱ्या रविवारी चाकं. मी एकदा धोतराच्या फडक्याला हात लावला, तर ते हळूच माझ्या हातातून काढून घेतलं आणि लाल दोऱ्याचं फडकं दिलं. का, ते सांगितलं नाही. मी नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये मी पडत नाही, पडलो होतो एकदा." सासूबाईंना विचारलं, तर त्यांना एकाएकी गॅसवरच्या दुधाची आठवण झाली. मला काय समजायचं ते मी समजले. सुनेच्या हाती गाडी द्यायची नव्हती आणि शब्द तर देऊन बसले होते. म्हणून मला चाकापाशी बसवून ठेवलं.

माझ्या रागाची एक रीत आहे. तो आला की मी काम बिघडवत नाही, जास्त चांगलं करते, इतकं चांगलं की समोरच्याला ते सोसवू नये. चाकं म्हणता ना, मग बघाच. मी जुन्या टूथब्रशने चाकाच्या खाचेखाचेतला चिखल काढला. टायर काथ्याने घासले. चाकांवर ज्या चकचकीत वाट्या बसवलेल्या असतात, त्यांच्यावर गंजाचे ठिपके होते. माझी आई चांदीची भांडी पांढऱ्या दंतमंजनाने उजळते, ते आठवलं. घरातलं मंजन खाली आणलं आणि त्या चारही वाट्या अशा उजळल्या की त्यात माझं नाकसुद्धा दिसायला लागलं, शेंड्यासकट. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा न्हाणीघरातून ओरडला, "मंजनाचा डबा रिकामा कसा गं?" मी म्हटलं, "बाबांच्या गाडीला दात आले."

पहिल्या मजल्यावरच्या काकांनी तर कमालच केली. येता येता थांबले, चाकांकडे बघितलं, मग बाबांना म्हणाले, "वा! चाकं एकदम नवी कोरी. आता गाडी कधी धुणार?" बाबांचा चेहरा पडला. मला त्या दिवशी जेवण दोन घास जास्त गेलं, खोटं कशाला बोलू.

असे सहा रविवार गेले. आईचं पत्र आलं: दसऱ्याचं काय ठरलं? मी उत्तर लिहिलं नाही.

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी इमारतीतल्या ज्याच्याकडे जे काही चाकाचं होतं ते खाली धुवायला निघालं होतं. दोन स्कूटर, सायकली, एकाची टाइपरायटरची पेटीसुद्धा पायरीवर येऊन बसली होती. बाबांनी टपावर, बॉनेटवर रिठ्याचा फेस केला. मी मुकाट्याने धोतराचं फडकं उचललं आणि बॉनेटकडे गेले. त्यांनी मध्ये हात घातला.

"तू चाकं बघ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, मी या घरात माणसांची सून म्हणून आलेय की चाकांची? सहा रविवार चाकं धुतेय मी! माझी आई तिकडे वाट बघतेय, उद्या दसरा आहे. चावी द्यायची नसेल तर तोंडावर सांगा ना. शब्द कशाला दिलात?"

स्कूटर धुणाऱ्याने नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं. बाबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं, माझ्या हातांकडे बघितलं, पुन्हा मिटलं. मग फडकं बादलीच्या काठावर नीट घडी घालून ठेवलं आणि जिना चढून वर निघून गेले. गाडी फेसात तशीच सोडून! साबण वाळू द्यायचा नाही म्हणून ज्यांनी एकदा फोन आला तरी वर जायला नकार दिला होता, ते बाबा.

मी तिथेच उभी राहिले. राग गेला होता आणि नुसती भीती उरली होती.

जिन्यावरून सासूबाई धावत खाली आल्या. त्या कधी गाडीजवळ फिरकायच्या नाहीत. आल्या आल्या त्यांनी बादली उचलली.

"फेस वाळता बघ! आधी पाणी घाल, मग रड."

आम्ही दोघींनी मिळून भराभर पाणी घातलं. एरवी त्या सगळ्यांशी सरळ शहरी मराठी बोलायच्या. मन भरून आलं किंवा डोकं फिरलं, की मगच त्यांच्या तोंडी मालवणी यायची. त्यांनी माझी मान धरली आणि बॉनेटवर वाकवली.

"बघ. तेंच्यासारख्या बघ, तिरक्या."

मी गाल खाली नेला. सकाळचं ऊन आडवं येत होतं. त्या निळ्या पत्र्यावर, बरोबर मध्यभागी, बारीक बारीक गोल चरे होते. दहा-बारा असतील. एकात एक अडकलेले, बांगडीएवढेच गोल. पहिल्या रविवारी मी जिथे कोपर टेकवून घासलं होतं, तिथे. मला काही विचारावं लागलं नाही. माझ्याच हातातल्या काचा माझ्याच डोळ्यांसमोर होत्या.

"त्याच दिवशी त्यांनी बघितलं," सासूबाई आता हळू बोलत होत्या. "वर येऊन मला म्हणाले, तू सांग तिला. मी म्हटलं, मी खंयच्या तोंडान सांगू? वर्ष नाही झालं लग्नाला, भरल्या हाताच्या पोरीला काकणं काढ म्हणून सांगायचं? सासऱ्याने तर तोंडातून काढायचंच नाही ते. ह्या खंय झाला हा? सहा रविवार आम्ही दोघं हेच बोलतोय. तू सांग, नाही तू सांग. शब्द दिलाय तुला, तो पण टोचतोय. गाडी पुरती धुऊ दिली तर रंग जातो, नाही धुऊ दिली तर शब्द जातो. अडकला माणूस."

मला इतकी लाज वाटली की आजही लिहिताना वाटते. मी लगेच डाव्या हातातल्या बांगड्या कोपराकडून खाली ओढायला लागले. म्हटलं, मी हे काही मानत नाही, काच आहे ती, काढते आणि ठेवते. सासूबाईंनी माझं मनगट असं पकडलं की दोन बांगड्या तिथेच पिचल्या असत्या.

"तू मानत नसशील. ते मानतात ना! सणाच्या आदल्या दिवशी रिकामे हात घेऊन त्यांच्या समोर जाशील? माझ्या गाडीपायी सुनेने काकणं उतरवली, म्हणून तो माणूस गाडी विकून येईल."

आणि ते खरंच होतं. बाबा कापडातला तुटका धागा सोडत नसत, पण काही गोष्टी ते बघून न बघितल्यासारख्या करायचे.

दिवसभर मी माफी मागायचं ठरवत होते. दुपारी चहा घेऊन गेले. बाबा शिलाई मशीनवर बसले होते, पाठ दाराकडे.

"बाबा, चहा."

"ठेव."

एवढंच बोलणं झालं. मशीन खडखडत राहिलं. मला वाटलं, गाडीचा अभ्रा उसवला असेल. गाडी माझ्यापासून आणखी घट्ट झाकायची असेल, असंही एकदा मनात आलं. राग गेला तरी त्याची सवय जात नाही.

दसऱ्याच्या सकाळी पाणी आल्याबरोबर मी बादल्या भरल्या आणि खाली उतरले. चाकांचं फडकं घ्यायला गेले, तर पालथ्या घातलेल्या रिकाम्या बादलीवर दोन पांढऱ्या नळ्या ठेवलेल्या. उचलून बघितल्या. मोजे होते. बाबांचे गिरणीतले, गुडघ्यापर्यंत येणारे जाड सुती मोजे. पावलाचा भाग कापून टाकलेला, कापलेली कड दुमडून बारीक टाक्यांनी शिवलेली, आत मऊ मलमलीचं अस्तर. वरच्या बाजूला इलास्टिक होतंच.

बाबा मागे उभे होते. माझ्याकडे न बघता बदामाच्या झाडाकडे बघत होते.

"हे हातात घाल. बांगड्यांवरून," म्हणाले. "इलास्टिक चांगलं आहे, निसटणार नाही. काल तुझ्या सासूच्या हातावर बघितलं मी."

म्हणजे आदल्या दिवशी सासूबाईंनीही मोजे चढवून, हात पुढे करून बसायचं काम केलं होतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. मी मोजे चढवले. मनगटापासून कोपरापर्यंत चुडा गुडूप झाला. हात हलवला, किणकिण बंद.

"बाबा, काल मी जे बोलले..."

"आधी बॉनेट," ते म्हणाले. "ऊन यायच्या आत."

त्या बाह्या मी पुढे कितीतरी वर्षं घातल्या. चुड्यातल्या बांगड्या एकेक करून वाढवल्या, हातात घड्याळ आणि एक पाटली राहिली, तरी रविवारी पालथ्या बादलीवर त्या दोन बाह्या धुऊन ठेवलेल्या असायच्या. आता नकोत, असं ते कधी म्हणाले नाहीत आणि मीही नाही.

मी बॉनेट धुतलं, फडकं पिळून पुसलं. बाबांनी गाल लावून बघितलं. नवा चरा एकही नव्हता. मग त्यांनी पॉलिशचा चपटा डबा उघडला आणि जुन्या चऱ्यांवर मला स्वतःच्या हाताने घासायला लावलं. थोडंसं लावायचं, वाळल्यासारखं झालं की मऊ कापडाने पुसायचं, पुन्हा लावायचं. उथळ चरे गेले. चार-पाच खोल होते, ते राहिले.

"हे नाही जात, बाबा."

"राहू देत. कापडात असा दोष निघाला की आम्ही शिक्का मारून बाजूला काढायचो. गाडी काय बाजूला काढायची?"

पूजा त्यांच्या पद्धतीने झाली. हळदकुंकू रंगावर लावायचं नाही, डाग पडतो, म्हणून काचेवर एक बोट. झेंडूचा हार बॉनेटवर, पण त्याखाली फडक्याची पट्टी, म्हणजे देठ आणि दोरा घासणार नाहीत. चार लिंबं माझ्या हातात दिली. "चाकं तुझी आहेत, लिंबं तूच ठेव," म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. पहिल्या मजल्यावरचे काका हसले, स्कूटरवाला हसला, मी पण हसले. आदल्या दिवशीचं त्यांनी असं सगळ्यांदेखत पुसून टाकलं. मग खिशातून चावी काढली.

माझ्या शेजारच्या सीटवर बाबा स्वतः बसले. मुलाला शिकवायला बसले होते ते सोडलं, तर स्वतःच्या गाडीत त्या सीटवर बसायची त्यांची पहिलीच वेळ. चार लिंबं चाकांखाली फुटली, चार फटाके. भांडुप मागे पडलं तेव्हा त्यांनी दारावरची पट्टी घट्ट धरली. रस्ता मोकळा मिळाला, मी गिअर बदलला, तर त्यांनी दचकून विचारलं, "हे काय केलंस?"

"चौथा टाकला, बाबा."

"चौथा?" त्यांनी गिअरच्या दांड्याकडे बघितलं. "असतो होय?"

पवईच्या तलावावरून वारा आला, हाराचे दोन झेंडू काचेवर येऊन आपटले. बाबांनी हात पट्टीवरून काढून मांडीवर ठेवला. साकीनाका आला, अंधेरी आली. पार्ल्यात शिरताना बिस्किटांचा वास आला आणि मला लहान मुलीसारखा आनंद झाला, मी उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

आई फाटकातच उभी होती. नवी साडी, हातात पिशवी, पिशवीत तुळशीचं रोप. बाबांनी खाली उतरून तिच्यासाठी पुढचं दार उघडलं आणि स्वतः मागे जायला निघाले. पण आई काही लगेच बसणारी नव्हे. जावईबापूंच्या घरची गाडी, ती आधी बघायला हवी. तिने गाडीभोवती चक्कर मारली, चाकांच्या वाट्यांत स्वतःला बघितलं, म्हणाली, "बाई, चांदीच की!" मग बॉनेटपाशी आली. आईला जवळचं कमी दिसायचं, म्हणून ती सगळं वाकून बघायची. ती वाकली. ऊन तिरपं होतं.

"अगं, हे काय?" तिने बोट फिरवलं. "एवढ्या चांगल्या गाडीवर हे गोल गोल चरे कुणी पाडले?"

माझं बोट आपोआप बांगड्यांकडे गेलं. मी काही बोलणार, तेवढ्यात मागच्या दाराशी उभे असलेले बाबा, ज्यांच्या हातून तीस वर्षांत एक तुटका धागा सुटला नव्हता, अगदी सहज म्हणाले:

"ते होय विहीणबाई? ते जुनेच आहेत. मी घेतली तेव्हापासून. बसा तुम्ही, लेक तुमची चौथ्या गिअरमध्ये नेते."